बायोनंबर्स: बायोच्या वर्गात गणित आणायचंय? मग ही साईट बघाच

एफवायबीएस्सीला बायो शिकवणारं कुणीही भेटलं आणि विषय निघाला की पोरांना गणित कसं गळी उतरवायचं, तर माझं उत्तर आता ठरलेलं आहे, बायोनंबर्स उघडा. फुकट आहे, लॉगिन वगैरे काही नको, मोबाईलवर बघता येते, आणि ती तुम्हाला गणित शिकवायला बसत नाही, फक्त आकडे देते. पेशी केवढी असते, तिच्यात एखाद्या प्रोटीनचे रेणू किती, डीएनएची कॉपी सेकंदाला किती अक्षरांच्या वेगाने होते, एखादं एन्झाइम किती झपाट्याने काम करतं, असले हजारो आकडे तिथे एकत्र करून ठेवलेत, आणि प्रत्येक आकडा कुठल्या पेपरातून घेतला, कुणी कसा मोजला हेही सोबत दिलंय. हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या सिस्टिम्स बायोलॉजी विभागात रॉन मिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम सुरू केलं, मिलो आता इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये असतात. मी गेली काही वर्षं ही साईट वर्गात वापरतेय, म्हणून सविस्तर लिहितेय, ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी.

आधी पोरांबद्दल सांगते, कारण त्याशिवाय ही साईट का आवडली ते कळणार नाही. आपल्याकडे अकरावीतच ठरून जातं, पीसीबी की पीसीएम. आणि पीसीबी घेणाऱ्यांत बायोची खरी आवड असणारे जसे असतात तसे गणितापासून सुटका झाली म्हणून हुश्श करणारेही भरपूर असतात. मग नीट, मग नीटमध्ये नंबर लागला नाही म्हणून बीएस्सी, आणि इथे आल्यावर कळतं की जेनेटिक्समध्ये प्रोबॅबिलिटी आहे, प्रॅक्टिकलला डायल्यूशन आहे, पुढे बायोस्टॅट आहे. धसका बसतो. पण माझं निरीक्षण असं की या पोरांना गणित येत नाही हे अर्धसत्य आहे. नीटच्या फिजिक्ससाठी याच पोरांनी ढीगभर आकडेमोड केलेली असते, घातांक माहीत असतात, लॉग माहीत असतो, त्रैराशिक तर शाळेतलं आहे. फिजिक्सच्या वर्गात जे हात आपोआप चालतात ते बायोच्या वर्गात चालत नाहीत कारण बायोच्या वर्गात "किती?" हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसतो. मायटोकाँड्रिया पेशीचं पॉवरहाऊस आहे हे पाठ, पण एका पेशीत किती असतात, किती एटीपी बनतं, त्यातलं किती खर्च होतं, यातलं काही कधी विचारलं जात नाही. विषयाची मांडणीच अशी की नावं पाठ करा आणि डायग्राम काढा.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे गणिताचा वेगळा पेपर लावा. मला तो पटत नाही. गणित विभागातले सर येऊन डेरिव्हेटिव्ह शिकवून जातात, पोरं पास होण्यापुरतं करतात, आणि दुसऱ्या दिवशी बायोच्या तासाला ते सगळं दाराबाहेर राहतं. ही अडचण फक्त आपली नाही बरं का. अमेरिकेत २००३ मध्ये नॅशनल रिसर्च काउन्सिलने 'बायो२०१०' नावाचा अहवाल काढला तेव्हा हेच रडगाणं होतं, की जीवशास्त्र संशोधनात कुठच्या कुठे गेलं, गणित आणि कॉम्प्युटरशिवाय पान हलत नाही, आणि कॉलेजातलं शिक्षण मात्र जुन्याच वळणाचं. मग २०११ च्या 'व्हिजन अँड चेंज' अहवालात बायोच्या प्रत्येक विद्यार्थ्याला यायलाच हव्यात अशा ज्या क्षमता दिल्या त्यात आकड्यांनी विचार करणं ही एक होती. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाने तर जीवशास्त्राच्या पोरांसाठी नेहमीच्या कॅल्क्युलसऐवजी 'लाईफ सायन्सेस ३०' नावाचा नवीनच कोर्स उभा केला, त्यात शिकारी आणि भक्ष्य यांच्या संख्या एकमेकांवर कशा अवलंबून असतात इथून सुरुवात होते आणि गणित त्या प्रश्नाच्या पोटातून बाहेर येतं. आपल्याकडे पुण्याचं आयसर, म्हणजे केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, २००६ मध्ये सुरू झालं तेव्हापासून तिथे सुरुवातीला गणित, फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायो सगळं सगळ्यांना, अशी पद्धत ठेवली. पण आयसरला येणारी पोरं वेगळ्या गाळणीतून आलेली असतात, आणि आपल्या तालुक्याच्या कॉलेजात नवीन कोर्स उभा करायची ना मुभा असते ना माणसं. आपल्या हातात असतो तो तासाचा शेवटचा दहा-पंधरा मिनिटांचा तुकडा. बायोनंबर्स त्या तुकड्यात बसते, म्हणून ती मला एवढी महत्त्वाची वाटते.

साईट वापरायला अगदी सोपी. वर सर्चची खिडकी, त्यात 'रेड ब्लड सेल व्हॉल्यूम' असं काही टाकायचं, खाली यादी येते. एकेका नोंदीवर क्लिक केलं की आकडा, युनिट, कुठल्या जीवातला, मूळ पेपर कोणता, मोजायची पद्धत काय, आणि खाली शेरा. प्रत्येक नोंदीला स्वतःचा नंबर असतो, बीएनआयडी म्हणतात, तो पोरांनी जर्नलमध्ये लिहायचा असा माझा नियम आहे, कारण आकडा कुठून आणला हे सांगायची सवय पहिल्या वर्षातच लागली तर पुढे प्रोजेक्टला त्रास होत नाही. शिवाय महत्त्वाच्या आकड्यांचं एक वेगळं पान आहे, ते प्रिंट काढून लॅबच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे, आम्ही लावलंय.

आता प्रत्यक्ष काय करते ते सांगते. माझा सगळ्यात आवडता तास म्हणजे रक्ताच्या रिपोर्टचा. सीबीसी माहीत नाही असं घर राहिलेलं नाही, डेंग्यूच्या दिवसांत तर पोरं प्लेटलेटच्या आकड्यांवर डॉक्टरसारखी बोलतात. एक रिपोर्ट घ्यायचा, वरचं नाव कापून टाकायचं, झेरॉक्स वाटायच्या. (पोरांचे स्वतःचे रिपोर्ट मी कधीही मागत नाही. देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा अहवाल, एनएफएचएस-५, सांगतो, म्हणजे वर्गातल्या कितीतरी मुलींचं हिमोग्लोबिन कमी असणार, ते चारचौघांत कशाला आणायचं.) समजा रिपोर्टवर आरबीसी ५ मिलियन पर क्यूबिक एमएम, एमसीव्ही ९० फेम्टोलिटर, पीसीव्ही ४५ टक्के. मी विचारते, हे तीन आकडे एकमेकांशी काही बोलतात का? वर्ग गप्प. कुणी म्हणतं तीन वेगळ्या टेस्ट आहेत मॅडम. मग सांगते, एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, आरबीसी म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये अशा पेशी किती, आता गुणाकार करा. ५० लाख गुणिले ९० फेम्टोलिटर. फेम्टो म्हणजे दहाचा उणे पंधरावा घात, घन मिलिमीटर म्हणजे मायक्रोलिटर म्हणजे दहाचा उणे सहावा घात. वहीवर शून्यांची मारामारी सुरू होते, पाच मिनिटं जातात, आणि मग कुठून तरी मागच्या बाकावरून आवाज येतो, पॉईंट फोर फाइव्ह. ४५ टक्के! म्हणजे पीसीव्हीच की, रक्तात तांबड्या पेशींचा वाटा. रक्तातला जवळपास निम्मा भाग पेशींनी भरलाय हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं असतं, पण स्वतःच्या गुणाकारातून ते बाहेर पडलं की चेहरे बघण्यासारखे होतात.

तिथेच थांबायचं नाही. प्रौढ माणसात साधारण ५ लिटर रक्त, म्हणजे ५० लाख मायक्रोलिटर, आणि प्रत्येकात ५० लाख पेशी. गुणाकार २५ लाख कोटी. लाख कोटी हे एकक आपल्याला बजेटच्या बातम्यांमुळे ओळखीचं आहे, त्यामुळे मिलियन-ट्रिलियन करण्यापेक्षा मी सरळ लाख कोटीतच बोलते, पोरांना लवकर झेपतं. मग पुढचा प्रश्न, तांबडी पेशी १२० दिवस जगते, तर शरीराला दर सेकंदाला किती नवीन बनवाव्या लागत असतील? १२० दिवसांचे सेकंद काढले की एक कोटीच्या थोडे वर येतात. भागाकार केला की सेकंदाला साधारण २४ लाख. सेकंदाला! हे उत्तर आल्यावर लोह कमी पडलं की अ‍ॅनिमिया का होतो, बोन मॅरोला इतकं काम का असतं, केमोथेरपीत रक्ताचे आकडे का पडतात, हे सगळे प्रश्न पोरं स्वतःहून विचारायला लागतात. मला वेगळं प्रस्तावनेचं भाषण करावं लागत नाही.

आणि एमसीएच बघा. त्याच रिपोर्टवर असतो, एका पेशीतलं हिमोग्लोबिनचं वजन, साधारण २९ पिकोग्रॅम. बायोनंबर्सवर हिमोग्लोबिनचं रेणूवजन शोधा, ६४,५०० च्या आसपास. अ‍ॅव्होगाड्रोचा आकडा बारावीच्या केमिस्ट्रीत तोंडपाठ झालेला असतो, तो पहिल्यांदाच रक्तासाठी वापरला जातो, आणि उत्तर येतं एका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू. मग परत साईटवर जाऊन बघायचं, तिथे दिलेला आकडाही तेवढाच निघतो. गल्लीतल्या लॅबचा रिपोर्ट आणि जगभरच्या पेपरांतला आकडा जुळला, हा आनंद पोरांना मिळायला पाहिजे. एका रेणूला चार ऑक्सिजन चिकटतात, म्हणजे पेशीमागे शंभर कोटींच्या वर ऑक्सिजनचे रेणू, हे मी सांगायच्या आधीच कुणीतरी करून टाकतं.

थोडं पुढे जायचं असेल तर मेंट्झर इंडेक्स. एमसीव्हीला आरबीसीने भागायचं, बस. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरची (आईवडिलांकडून येणारा हिमोग्लोबिनचा दोष, सौम्य प्रकार) शंका, वर आलं तर लोह कमी असण्याची शक्यता जास्त. १९७३ पासून डॉक्टर लोक वापरतायत. एमसीव्ही ६५ आणि आरबीसी ५.६ असेल तर ११.६, एमसीव्ही ७२ आणि आरबीसी ४ असेल तर १८. दोन्ही पेशंटच्या पेशी लहानच, पण कारणं वेगळी, कारण थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी लहान असल्या तरी संख्या भरपूर असते, लोह कमी असेल तर संख्याही घटते. हे फक्त चाळण लावण्यापुरतं आहे, पक्कं निदान हिमोग्लोबिन ए२ च्या टेस्टनेच होतं, हे वर्गात ठासून सांगावं लागतं, नाहीतर पोरं घरी जाऊन सगळ्यांचं निदान करत सुटतात. पण एका साध्या भागाकारामागे केवढं जीवशास्त्र उभं आहे हे दाखवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

दुसरा तास ई. कोलायचा, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या एका बॅक्टेरियाचा. इथे साईटची खरी ताकद दिसते, कारण तीन वेगवेगळे आकडे शोधून काढायचे आणि ते एकत्र ठेवल्यावर काहीतरी बिनसतं. जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, ४६ लाख बेस पेअर (अक्षरांच्या जोड्या). कॉपी करणारं यंत्र सेकंदाला साधारण १००० बेस पुढे सरकतं, आणि एकाच ठिकाणाहून निघून दोन यंत्रं दोन बाजूंनी जातात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २३ लाख. २३०० सेकंद, म्हणजे ३८ मिनिटं. आणि तिसरा आकडा, चांगलं खायला-प्यायला मिळालं की ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. आता सांगा! डीएनएची एक कॉपी व्हायला ३८ मिनिटं आणि पेशी मात्र २० मिनिटांत फुटून दोन. कुणी म्हणतं आकडा चुकलाय, कुणी म्हणतं साईट चुकीची, मग नोंदीतली मोजायची पद्धत वाचा म्हणते, मूळ पेपर बघा म्हणते. आकडे बरोबरच असतात. उत्तर असं की पेशी पहिली कॉपी पूर्ण व्हायची वाटच बघत नाही, ती चालू असतानाच दुसरी सुरू करते, कधी तिच्यावर तिसरीही, त्यामुळे जन्माला येणाऱ्या पेशीच्या डीएनएची कॉपी तिच्या आईच्या, कधी आजीच्या काळातच सुरू झालेली असते. ही गोष्ट मी नुसती सांगितली असती तर दोन ओळींची नोट झाली असती. आकड्यांनी अडवलं म्हणून पोरांनी ती स्वतः शोधली, निदान शोधायच्या अगदी जवळ आली. गणित वर्गात आणायचं ते याच्यासाठी, की त्याने प्रश्न पडला पाहिजे, बायोच्या डोक्यावर आणखी एक ओझं म्हणून नव्हे.

आणखी एक छोटं. एक ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होत राहिला तर पृथ्वीच्या वजनाएवढा कधी होईल? आधी अंदाज लिहायचा. कुणी लाख वर्षं लिहितं, कुणी हजार. एका पेशीचं वजन साधारण एक पिकोग्रॅम, पृथ्वीचं ६ गुणिले दहाचा चोविसावा घात किलो, लॉग काढा, १३२ दुपटी, म्हणजे ४४ तास. दोन दिवसही नाहीत. मग आपोआपच पुढचा प्रश्न, असं होत का नाही, आणि तिथून लॉजिस्टिक ग्रोथ, म्हणजे आधी झपाट्याने होऊन मग मंदावत थांबणारी वाढ, शिकवायला घेतली की तो एस आकाराचा ग्राफ पोरांना हवाच असतो.

अंदाज आधी लिहायचा हा माझा आग्रह आहे. अंदाजपंचे दाहोदरसे नाही, का वाटतं ते एका ओळीत लिहायचं. आणि उत्तर दोन-तीन पट इकडे-तिकडे झालं तरी बरोबर, पण शंभर पट चुकलं तर का चुकलं ते शोधायचं. बहुतेक वेळा युनिटमध्ये चूक असते, मायक्रो आणि नॅनोमध्ये. कॅल्क्युलेटर पहिल्या फेरीत बंद. दशांशाच्या चार घरांपर्यंत उत्तर काढायची जी सवय शाळेने लावलेली असते ती मोडायला वेळ लागतो, पण मोडावी लागते, कारण पेशीतला कुठलाच आकडा चार घरांपर्यंत खरा नसतो.

आकडे तपासून बघावेत हे शिकवायला सगळ्यात चांगली गोष्ट याच मिलोंच्या कामातून मिळते. आपल्या शरीरात माणसाच्या पेशींच्या दहापट बॅक्टेरिया असतात, हे वाक्य कुणी ऐकलेलं नाही? पाठ्यपुस्तकांत, पेपरात, यूट्यूबवर, सगळीकडे. २०१६ मध्ये रॉन सेंडर, शाय फुक्स आणि मिलो यांनी परत मोजायला घेतलं, तर हे दहापटीचं वाक्य १९७० च्या दशकातल्या एका ढोबळ हिशेबावर उभं होतं असं निघालं, आतड्यात एक लिटरभर माल धरलेला आणि तो सगळा मोठ्या आतड्याइतक्याच दाटीने बॅक्टेरियांनी भरलेला धरलेला. खरं मोठ्या आतड्याचं आकारमान त्याच्या निम्म्याहून कमी. नव्या हिशेबात ७० किलोच्या पुरुषात बॅक्टेरिया ३८ लाख कोटी आणि स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी, म्हणजे प्रमाण जवळपास बरोबरीचं, आणि त्या सगळ्या बॅक्टेरियांचं वजन फक्त २०० ग्रॅमच्या आसपास. आणि या ३० लाख कोटींत २५ लाख कोटी तांबड्या पेशी! तोच आकडा जो आमच्या पोरांनी सीबीसी रिपोर्टवरून वहीत काढलेला असतो. हा तास मी मुद्दाम रिपोर्टच्या तासानंतर घेते. चाळीस वर्षं सगळ्यांनी म्हटलेलं वाक्य साध्या गुणाकाराने खाली आणता येतं हे अठरा वर्षांच्या पोराला कळणं, याची किंमत मी कुठल्याही मार्कांत धरणार नाही.

आता कमतरता. पहिली आणि मोठी, सगळं इंग्रजीत आहे, आणि पेपरातलं इंग्रजी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना शेऱ्याचा कॉलम वाचताना अडखळायला होतं, तिथे शिक्षक सोबत लागतो. दुसरी, एकाच गोष्टीला अनेक आकडे सापडतात. ई. कोलायचं आकारमान शोधलं तर वेगवेगळ्या परिस्थितीतले वेगवेगळे. अनुभवी माणसाला हा गुण वाटेल, पेशी कशात वाढवली यावर तिचा आकार ठरतो हे खरंच आहे, पण पहिल्या वर्षाच्या पोराला वाटतं की यातला बरोबर कुठला ते सांगा ना. मी आधी स्वतः शोधून ठेवते आणि सुरुवातीचे काही तास नोंदीचा नंबरच देते, मोकळं सोडते ते नंतर. तिसरी, ही साईट म्हणजे डेटाबेस आहे, इथे गणितं नाहीत, वर्कशीट नाही, शिक्षकांसाठी तयार तास नाही. ते तुम्हालाच बनवावं लागणार. आणि भर सगळा पेशी आणि रेणूंवर. इकॉलॉजी, पॉप्युलेशन, उत्क्रांती यासाठी इथे फार काही हाती लागत नाही.

त्यासाठी मी दुसरीकडे जाते. अमेरिकेतल्या एचएचएमआय या संशोधन संस्थेच्या बायोइंटरअ‍ॅक्टिव्ह साईटवर गालापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावरच्या फिंच पक्ष्यांचा खरा डेटा आहे, पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी गोळा केलेला, १९७७ च्या दुष्काळात वाचलेले ५० आणि मेलेले ५०, प्रत्येकाच्या चोचीचं माप. एक्सेलमध्ये सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन, हिस्टोग्राम, आणि मग फरक खरा की योगायोग. तिथे वर्कशीट, शिक्षकांसाठी गाईड सगळं तयार मिळतं, तयारीला वेळच नसेल तर तिथूनच सुरुवात करा. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या साईटची बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत, ती भाषेची अडचण थोडी सोडवतात. पण आपल्या मातीतले प्रश्न यातल्या कुठल्याच साईटवर नाहीत, ते आपणच आणायचे.

म्हणजे हार्डी-वाइनबर्ग, लोकसंख्येत एखादं जनुक किती जणांत असेल याचं सूत्र, शिकवताना मी सिकल सेल घेते, तांबड्या पेशी विळ्यासारख्या करणारा आनुवंशिक आजार. नंदुरबार, गडचिरोलीकडची पोरं वर्गात असतात, त्यांना हा आजार माहीत असतो, २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मिशनमुळे तपासणीही बघितलेली असते. समजा ४०० मुलांत ४ जणांना आजार आहे, म्हणजे शंभरात एक, वर्गमूळ काढलं की जनुकाचं प्रमाण ०.१, आणि वाहक (एकच सदोष जनुक असलेले) निघतात २ गुणिले ०.१ गुणिले ०.९, म्हणजे १८ टक्के, म्हणजे ७२ जण. आजारी ४ आणि नकळत जनुक बाळगणारे ७२! तपासणी सगळ्यांची का करायची हे या एका गणितात कळतं. मग यातलं काय चुकू शकतं तेही बोलायचं, लग्नं ठरावीक गटातच होतात, आजारी मुलं लवकर दगावतात, म्हणजे सूत्राच्या अटी मोडतात, आणि मग खरा आकडा कुठल्या बाजूला सरकेल. हे सूत्र देणारे हार्डी म्हणजे आपल्या रामानुजनचेच हार्डी, १९०८ मध्ये त्यांनी 'सायन्स'ला पत्र पाठवलं आणि त्यात लिहिलं की याला पाढ्यांच्या पातळीचं गणित पुरतं.

आणि पुण्यातल्या पोरांना तर हे सांगायलाच हवं. दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्यात जन्मलेले, आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण ते फर्ग्युसनला गणित शिकवायचे. १९४४ मध्ये त्यांनी जेनेटिक मॅपवरचं अंतर काढायचं एक सूत्र दिलं, ते आजही पिकांचे जेनेटिक मॅप बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कोसंबी' नावाचा पर्याय म्हणून असतं. दोन जनुकांत २० टक्के रिकॉम्बिनेशन (जनुकांची नवी जुळणी) दिसलं तर हाल्डेन या शास्त्रज्ञाच्या सूत्राने अंतर २५.५ सेंटिमॉर्गन (जेनेटिक मॅपवरच्या अंतराचं एकक) येतं आणि कोसंबींच्या सूत्राने २१.२, कारण कोसंबींनी धरलं की एका ठिकाणी क्रॉसिंग ओव्हर (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) झालं की शेजारी लगेच दुसरं होणं कठीण असतं, हाल्डेनच्या सूत्रात ते धरलेलं नाही. एफवायच्या पोरांनी सूत्र सिद्ध करायची गरज नाही, आकडे घालून दोन्ही उत्तरं काढली आणि फरक का आला ते एका वाक्यात सांगता आलं तरी खूप.

बायोनंबर्सला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो भाषेसाठी आणि तयार सराव नसल्यासाठी. एक सूचना, परीक्षेत यातलं काही विचारलं नाही तर पोरं महिन्याभरात सोडून देतात, म्हणून इंटर्नलला एक तरी अंदाजाचा प्रश्न ठेवा आणि मार्क रीत आणि युनिटला द्या, अंतिम आकड्याला कमी. गणित विभागातल्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना रिपोर्टच्या तासाला बोलवा, आमच्याकडे आल्या होत्या, पोरांइतक्याच रंगल्या होत्या. मी सध्या मायक्रो, नॅनो, पिको, फेम्टोचा मराठी तक्ता करतेय, लाख-कोटीत बदलून, प्रत्येकासमोर पेशीतलं एकेक उदाहरण देऊन. फेम्टोसाठी तांबडी पेशी आणि ई. कोलाय आहेत, पिकोसाठी एमसीएच आहे, नॅनोसाठी डीएनएची जाडी, २ नॅनोमीटर. वनस्पतींमधली उदाहरणं कमी पडतायत. बॉटनीवाल्या कुणाकडे चांगली असतील तर नक्की कळवा.